इमामाचा पगार

कोलोन

प्रिय अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

तिथल्या इमामाला पगार कोण देतं, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

मी जुम्म्याला जातो ती मशीद तुर्की लोकांची. 1961 मध्ये तुर्कस्तान आणि जर्मनी यांच्यात झालेल्या कामगार करारानंतर ही माणसं जर्मनीत कारखान्यांत आणि खाणींत कामाला आली. आधी मागच्या अंगणातल्या गोदामांत नमाज पढायची, जागेचं भाडंही पदरचं. मग 1984 मध्ये कोलोनलाच डिटिब ही संस्था निघाली. आज तिच्या सुमारे 900 मशिदी आहेत. भिंती लोकांच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या, पण इमाम बहुतेक तुर्कस्तानातून येत आले. ते दियानेतचे, म्हणजे तिकडच्या सरकारी धर्मखात्याचे, नोकर; पगारही तेच खातं देतं. काही वर्षं राहतात आणि बदली झाली की परत जातात.

आमचे इमाम फार भले आहेत, मयतीच्या घरी सगळ्यांत आधी तेच पोचतात. पण जुम्म्याचं प्रवचन, म्हणजे खुत्बा, छापील कागदावरून वाचतात. मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना जर्मनमध्ये विचारतात, काय म्हणाले? इथं जन्मलेल्या या पोरांच्या घरातले, शाळेतले प्रश्न त्या कागदात नसतात.

2016 मध्ये तुर्कस्तानात बंडाचा प्रयत्न फसला. त्यानंतर इथल्या काही इमामांनी गुलेन यांच्या, म्हणजे तुर्की सरकारनं ज्यांच्यावर बंडाचा ठपका ठेवला त्या धर्मगुरूंच्या, अनुयायांची नावं तिकडे कळवल्याचं बाहेर आलं. 2017 मध्ये अशा काही इमामांच्या घरांची झडती झाली, शिक्षा मात्र कुणाला झाली नाही. पण शेजारी उभा राहून नमाज पढणारा आपलं नाव कळवेल, ही भीती मशिदीत शिरली, आणि ती मला सगळ्यांत वाईट वाटते. कितीतरी म्हातारे आजही चहा पिताना राजकारण निघालं की गप्प होतात.

दोष एकट्या अंकाराचा, म्हणजे तुर्की सरकारचा, नाही. इथं चर्चसाठी सरकारच कर वसूल करून देतं. सभासदाच्या आयकरावर 8 किंवा 9 टक्के. चर्चला आहे तसा कायदेशीर दर्जा डिटिबला नाही. मग फुकट मिळणारा इमाम मशिदीची गरीब जमात नाकारणार कशी? डिसेंबर 2023 मध्ये बर्लिन आणि अंकारा यांच्यात ठरलं, की दरवर्षी 100 इमाम जर्मनीतच तयार करायचे आणि तिकडून पाठवणं हळूहळू थांबवायचं. हे चांगलंच झालं. तरी उद्या मिंबरवरून, म्हणजे खुत्ब्याच्या व्यासपीठावरून, काय बोलावं हे बर्लिनने सांगितलं, तर तेही मला तितकंच खुपेल. इमामाला जमातीनं ठेवावं, जमातीनंच पोसावं आणि त्यानं जमातीलाच जबाब द्यावा.

आमच्याकडे इथंच शिकलेला इमाम वर्गणीतून ठेवायची बोलणी चालू आहेत. मी दरमहा 30 युरो लिहून दिलेत. काही म्हातारे नाराज आहेत. त्यांच्यासाठी तो तुर्की इमाम म्हणजे गावाकडचा माणूस, हे मला कळतं. पुढच्या रविवारी बैठक आहे, काय ठरतं ते कळवीन.

अम्मीला सलाम. गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या.

तुमचा,
इम्रान