पाळी ज्याची, पाणी त्याचे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीनिमित्त मी अमेरिकेतील आयडाहो राज्यात राहतो. गाव माण तालुक्यातले. आमच्या विहिरीत तीन भावांचा हिस्सा आहे, सातबाऱ्यावर तशी नोंद आहे आणि पाळीही ठरलेली आहे. पाळी मोडून कोणी मोटार सुरू केली तर घरात काय होते, हे दुष्काळी भागातल्या वाचकांना सांगायला नको. म्हणून इथल्या पशुपालकांचे दुखणे मला परके वाटत नाही.

इथे ज्याने आधी पाणी वापरात आणले, त्याचा हक्क आधीचा. ओढा कोणाच्या जमिनीतून वाहतो हे गौण. राज्याची साठ टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारची. त्या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या लोकांची गुरे चरतात आणि तिथल्याच ओढ्याझऱ्यांवर पाणी पितात. १९८७ मध्ये स्नेक नदीच्या खोऱ्यातील पाणीहक्कांचा न्यायालयीन निवाडा सुरू झाला, तेव्हा केंद्राच्या जमीन व्यवस्थापन खात्याने या पाण्यावरही दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो फेटाळला. पाणी वापरात आणले ते पशुपालकांनी, खात्याने नव्हे. नुसत्या जमिनीच्या मालकीने हक्क येत नाही. निकाल बाजूने लागला, पण इतक्या वर्षांचा वकिलांचा खर्च पशुपालकांच्याच माथी राहिला. मला सर्वांत जास्त टोचते ते हे. सरकारी खात्याला तारखांचे ओझे नसते, शेतकऱ्याला असते.

कोलोरॅडो राज्यातही केंद्राच्या वनखात्याने डोंगरावरच्या स्कीइंग केंद्रांना परवाना देताना पाण्याचे हक्क सरकारच्या नावे करण्याची अट घातली. लोकांच्या हरकती न मागवताच ती लादली, म्हणून २०१२ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. मालक पाणी बाहेर विकतील आणि स्कीइंगची जागा कोरडी पडेल, ही खात्याची भीती मला खोटी वाटत नाही. पण त्यासाठी पुरेसे पाणी राखण्याची अट पुरते. २०१५ मध्ये खात्याने स्वतःच मालकीचा आग्रह सोडून तीच वाट धरली.

तरीही खात्याचे परिपत्रक उद्या बदलू शकते. परवान्याच्या बदल्यात पाणीहक्क मागण्यास मनाई करणारे विधेयक २०१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात मंजूर झाले, पण त्याचा कायदा झाला नाही. तो व्हायला हवा, आणि त्यात मूळनिवासी जमातींच्या १९०८ पासून मान्य असलेल्या पाणीहक्कांना धक्का लागणार नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले हवे.

आपला,
एक वाचक, बॉइसी (आयडाहो)