२ मेच्या सकाळी निघते

ती. आई आणि बाबा यांना,
मनूचा शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "परीक्षा झाली की शाळेत उरतंच काय? चार दिवस आधी निघ." तेव्हा भोवती पोरं होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र संपेपर्यंत जिवाला घोर नको. मी एप्रिलमध्ये येत नाही. १ मेला निकाल वाटला की २ मेच्या सकाळच्या गाडीत बसते. आणि बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी अडवून ठेवायचं नाही. १७ एप्रिल ठरली आहे, ती तशीच राहील. दादाशी बोलणं झालंय, त्याने रजा टाकली आहे आणि वहिनी आदल्या दिवशीच येणार आहेत. उन्हाळ्यात डोळ्याला हात लावू नये, हे काकूंचं म्हणणं मनावर घेऊ नका. पूर्वी मोठा छेद घेऊन टाके घालायचे, तेव्हाची ती गोष्ट. आता छेद दोन-तीन मिलिमीटरचा, बहुतेक वेळा टाकाच नसतो.

मी तिथे हवी होते, हे मला कळतं. आईने एकदाही "ये" म्हटलं नाही, तेच जास्त लागलं. पण इथलं काम तुम्हाला डोळ्यांसमोर दिसलं तर तुम्हीच मला थांब म्हणाल, असं वाटतं.

आमच्या बीड जिल्ह्यात शाळेचं वर्ष दोन तुकड्यांत पडतं. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की मार्च-एप्रिलात परततात. काही पोरं आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांची शाळा चुकत नाही. पण माझ्या तिसरी-चौथीच्या २७ पोरांपैकी ९ जण यंदा आईबापांबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, होते. पाच महिने कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं, धाकट्याला सांभाळायचं, वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करायचं. ती आत्ता मार्चअखेर वर्गात येऊन बसली आहेत. म्हणजे ज्या महिन्यात बाकीच्यांचं वर्ष संपतं, त्याच महिन्यात या नऊ जणांचं सुरू होतं. बाबा, एप्रिलमध्ये काय उरतं म्हणून तुम्ही विचारलंत ना, ही नऊ पोरं उरतात.

चौथीपर्यंत कोणाला नापास करत नाहीत. त्यामुळे "जाऊ दे, वर जाईलच" म्हणणं फार सोपं होतं. पण २०२३-२४ पासून पाचवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. प्रत्येक विषयात ३५ टक्के हवेत, नाही तर जूनमध्ये फेरपरीक्षा, आणि तीही गेली तर पुन्हा पाचवीच. आमची शाळा चौथीपर्यंत. त्या नऊ जणांतले चार चौथीतले आहेत. जूनमध्ये ते दुसऱ्या गावच्या शाळेत जातील आणि तिथल्या बाईंना ती कुठे अडतात हे शोधायलाच दिवाळी येईल. दिवाळीला पुन्हा टोळी निघते.

म्हणून आल्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही, आधी एकेकाचं वाचन ऐकायचं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पायऱ्या. एका पोराला पाच ते सात मिनिटं, आणि तेही वर्गाच्या दाराबाहेर, कारण आत घेतलं की पुढचा पोरगा ऐकून पाठ करतो. उतारा पाठ्यपुस्तकातला घ्यायचा नाही. पुस्तकातला धडा पोरं चित्र बघून घडाघडा म्हणतात, बोट दुसऱ्याच ओळीवर असतं. न पाहिलेला चार ओळींचा उतारा दिला की खरं कळतं. या नऊ जणांत साधे शब्द सगळेच वाचतात. अडतात ती जोडाक्षरं, आणि त्यातही "र". हा र चार वेषांत येतो: चक्रातला, ट्रकमधला, खर्चातला आणि दऱ्यांमधला. सगळ्यात वाईट खर्चातला. रफार दिसतो "च"च्या डोक्यावर आणि उच्चारायचा असतो "च"च्या आधी. पोरगं डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचतं, आणि "खचर" म्हणतं. त्याची चूक नाही, लिपीच तशी आहे.

त्यावर उपाय साधा आहे. आधी लिहायचंच नाही, टाळ्या वाजवायच्या. खर्, एक टाळी. च, दुसरी टाळी. मग ख, र, च अशी तीन कार्डं मांडायची. वहीच्या प्लास्टिक कव्हरच्या पट्टीवर लाल पेनाने रफार काढून ठेवलेला असतो. र चं कार्ड उचलायचं आणि त्याच्या जागी ती पट्टी "च"वर ठेवायची. र उडून पुढच्याच्या डोक्यावर बसला, हे पोराने स्वतःच्या हाताने केलं की ते विसरत नाही. शब्द त्यांच्या घरातले घ्यायचे: खर्च, कर्ज, अर्ज, अर्धा. "कर्ज" हा शब्द शिकवावा लागला नाही, तो त्यांनी ऐकलेला असतो. दिवसाला दहा शब्द, जास्त नाहीत. आणि चौथ्या दिवशी यादीत नसलेले पाच शब्द देऊन बघायचं, कारण पोरं कार्डाचा दुमडलेला कोपरासुद्धा लक्षात ठेवून शब्द सांगतात.

गणितात तसंच वजाबाकीचं. ५२ वजा २७ दिलं की उत्तर येतं ३५. तुम्ही म्हणाल, आळस. नाही बाबा. पहिलीत आपणच शिकवतो की मोठ्या संख्येतून लहान वजा करायची. पोरगं तो नियम प्रत्येक घरात लावतं: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. नुसतं "उसना घे, हातचा घे" ओरडून ते सुटत नाही. आम्ही ज्वारीच्या धाटांचे वीतभर तुकडे करून ठेवले आहेत. दहा तुकड्यांना रबर लावलं की झाली मोळी. हा शब्द त्यांचाच, वर्गात आणावा लागला नाही. पाच मोळ्या आणि दोन सुट्या मांडायच्या आणि "मला सात सुट्या दे" म्हणायचं. दोनच आहेत म्हटल्यावर पोरगं स्वतःच एका मोळीचं रबर सोडतं. मग सुट्या बारा, मोळ्या चार. सात दिल्या, पाच उरल्या. दोन मोळ्या दिल्या, दोन उरल्या. पंचवीस. हे करताना शेजारी पाटीवर तसंच लिहून घ्यायचं, नाही तर मोळ्यांवर बरोबर आणि वहीत चूक असा प्रकार होतो. हे पक्कं झाल्यावरच ३०० वजा १२५ सारखी शून्याची वजाबाकी, कारण तिथे मोळी सोडायला आधी शंभराचा भारा सोडावा लागतो. आणि एक गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. "सत्तावीस" ऐकल्यावर सात आधी कानावर पडतो, म्हणून पोरं ७२ लिहितात. त्यामुळे गणित तोंडी सांगून उतरवायला लावलं की उत्तर चुकतं ते वजाबाकीमुळे की ऐकण्यामुळे, हे कळत नाही. मी फळ्यावर लिहूनच देते.

परीक्षाही आता लवकर संपत नाहीत. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा घेतल्या गेल्या. उन्हाचा त्रास होतो हे खरं, पण एक चांगलं झालं: पूर्वी पेपर लवकर संपायचे आणि त्यानंतर पोरं फिरकायची नाहीत, आता महिनाभर वर्ग भरलेला राहतो. शाळा सकाळची आहे, दोन माठ भरून ठेवतो, मी दुपारी खोलीवर परतते. माझ्या उन्हाची काळजी करू नका. आई, तू दिलेला पांढरा पंचा रोज डोक्याला असतो. कोकमाचं आगळ अजून अर्धी बाटली शिल्लक आहे. घरमालकीणबाई रात्री भाकरी आणून देतात, मी नको म्हटलं तरी.

तिसरी-चौथीला संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, गुण ४०, त्यात तोंडी आणि प्रात्यक्षिक १० व लेखी ३०. उरलेले ६० आकारिकचे, म्हणजे वर्षभराच्या निरीक्षणाचे. तोंडी परीक्षा एका पोराची आठ मिनिटं धरली तर २७ जणांना एका विषयाला साडेतीन तासांच्या वर लागतात. घाई केली की लाजरं पोर गप्प बसतं आणि त्याच्यापुढे शून्य पडतो. म्हणून दिवसाला सात-आठच घेते आणि फडावरून आलेल्यांची सगळ्यात शेवटी. तेवढेच त्यांना दहा-बारा दिवस जास्त मिळतात.

मग निकाल. बेरीज करायला वेळ लागत नाही: आकारिक ४१, संकलित २२, एकूण ६३, श्रेणी ब-२. वेळ जातो वर्णनात्मक नोंदींना. बाजारात तयार वाक्यांची पुस्तकं मिळतात, "चांगला प्रयत्न करतो", "वाचनाची आवड आहे". ती वाक्यं उतरवली तर सत्तावीस पोरं सारखीच दिसतात आणि पुढच्या शिक्षकाला त्यातून काहीच कळत नाही. "दोन अंकी वजाबाकी साहित्याशिवाय करते, शून्यातून उसना घेताना थांबते" एवढं लिहिलं तर जूनमध्ये पहिल्या दिवसापासून काम सुरू होतं. अशा नोंदी घाईत होत नाहीत, एका पोराला पंधरा मिनिटं लागतातच.

चौथीच्या दाखल्यांचंही तसंच आहे. जन्मतारीख आणि नाव जनरल रजिस्टरप्रमाणे आहे का, आधारवर आडनावाचं ऱ्हस्व-दीर्घ वेगळं आहे का, हे आत्ताच पाहावं लागतं. आईबाप आत्ता गावात आहेत. जूननंतर दुरुस्ती करायला गेलं तर त्यांचा रोज बुडतो आणि दिवाळीनंतर तर कोणी हातीच लागत नाही. पुढच्या शाळेने ऑनलाइन दाखल करून घेईपर्यंत पोराचं नाव यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीच्या, ड्रॉप बॉक्समध्ये पडून राहतं. पहिलीत येणाऱ्या पोरांचा शाळापूर्व तयारीचा मेळावाही याच दिवसांत आहे, सात टेबलं मांडायची. तो मात्र अंगणवाडीताईंमुळे निभतो.

आणि शेवटच्या आठवड्यात बाल बाजार. आई, हे तुला आवडेल. पोरं शेवग्याच्या शेंगा, लिंबं, कैऱ्या, भेळ, सरबत घेऊन येतात. नेहमी होतं काय, की मोठी माणसं सगळ्याचा भाव दहा रुपये ठेवून देतात आणि पोराला हिशेबच करावा लागत नाही. आम्ही भाव ७, १२, १८ असेच ठेवायला लावतो. शंभराची चिल्लर आधी मोडून आणायची, एकची ३० नाणी, दोनची १५, पाचची ८. विकणारा आणि पैसे देणारा अशी जोडी, आणि दर अर्ध्या तासाने अदलाबदल, नाही तर हुशार पोरगा पैसे धरून बसतो आणि दुसरा नुसता ओरडतो. वहीत तीन रकाने: आणलं केवढ्याचं, विकलं केवढ्याचं, उरलं काय. फडावरच्या पोरांचा तोंडी हिशेब बाकीच्यांपेक्षा पक्का असतो, हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला दिसतं. माझ्यासाठी तो दिवस परीक्षेपेक्षा मोठा आहे, आणि तो २८ तारखेला आहे. मी आधी निघाले तर तो होणार नाही, कारण दोनच शिक्षक आहोत.

आता ऐका. बाबा, ऑपरेशनआधी साखर तपासून घ्यायची आणि रिपोर्ट पिवळ्या पिशवीतल्या फाइलमध्ये ठेवायचा. मागच्या खेपेसारखं "मला काही होत नाही" म्हणून गोळी टाळायची नाही. थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवायचे, दोन औषधांच्या थेंबांत निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकून बादली उचलायची नाही. दुखलं, लाल झालं किंवा अंधुक वाटलं तर माझ्या फोनची वाट न बघता दादाला घेऊन तडक दवाखाना. थेंबांची वेळ झाली की रोज मी फोन करीन, सकाळी सातला आणि रात्री आठला, तेवढा उचला. आई, यंदा कुरडयांचा चीक एकटीने घोटायचा नाहीस. गुडघ्याला ते झेपणार नाही. मी ३ तारखेला घरी असेन, ४ तारखेला पहाटे दोघी मिळून घालू, गहू १ तारखेला भिजत घाल, म्हणजे तीन दिवस होतील. रोज पाणी तेवढं बदल. आणि बाबांना पट्टी असेपर्यंत रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेव, बिलाचं बघू नकोस.

लहानपणी मला ताप आला की बाबा ड्यूटीवरून उशिरा येऊन खाकी कपड्यांतच उशाशी बसायचे. आता तुमच्या उशाशी मी नसेन १७ तारखेला. ते मनात राहतंच. पण ३ तारखेपासून पुढचे सहा आठवडे मी घरीच आहे, दुसरा डोळा असेल तर तोही माझ्यासमोर होईल, पेपर मी वाचून दाखवीन, अग्रलेखासकट.

एक काम आहे. माळ्यावर बाबांची तिकिटांची पेटी आणि चिमटा आहे ना, तो मला जूनमध्ये वर्गात हवा आहे. वेगवेगळ्या किमतींची तिकिटं फाडून बेरीज करायला त्यासारखं साहित्य नाही. पण बाबा, स्टुलावर तुम्ही चढायचं नाही. दादा आला की त्याला काढायला सांगा आणि आईने फक्त धूळ पुसून ठेवावी.

तुमची,
मनू