निराधारांचे उत्पन्न आम्हीच 20,000 लिहायचो

महोदय,

संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान रखडल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मी निवृत्तीपूर्वी सहा वर्षे तहसील कार्यालयात या योजनेच्या, म्हणजे ‘संगायो’च्या टेबलावर अव्वल कारकून होतो. पैसे कमी आले की काय होते ते जवळून पाहिले आहे. खरे तर ते करणाऱ्यांत मीही होतो.

अनुदान सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती अशा वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या वेगवेगळ्या खात्यांतून येते. एकाचे येते, दुसऱ्याचे अडकते. एकाच गल्लीतल्या दोन विधवा, एकीचे जमा व्हायचे आणि दुसरी टेबलाशी येऊन विचारायची, “साहेब, तिचं आलं, माझं कुठं अडकलं?” लेखाशीर्ष म्हणजे काय हे तिला समजावणे मला कधी जमले नाही. “पुढच्या आठवड्यात या,” एवढेच म्हणायचो. त्या फेरीपायी तिची एका दिवसाची मजुरी बुडायची.

पुढचे लिहायला जड जाते. या योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती 50,000 केली, इतरांची तशीच राहिली. महिन्याचे अनुदान 600 चे 1000 झाले, 2023 मध्ये 1500 झाले, मर्यादा हलली नाही. रोजगार हमीची 2025-26 ची रोजची मजुरी 312 रुपये धरा. अडुसष्टाव्या दिवशी कमाई 21,000 ओलांडते आणि ती बाई कागदोपत्री निराधार राहत नाही! म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यावर आम्ही सगळेच 20,000 लिहायचो. दाखल्यामागून दाखला, 20,000. जणू अख्खा तालुका एकाच मुकादमाकडे कामाला होता. खरे आकडे लिहिले असते तर अर्ज मंजूर करणाऱ्या समितीपुढे ठेवायला अर्जच उरले नसते.

पैसे आटले की मात्र वरून फेरतपासणीचे पत्र यायचे आणि आदल्या वर्षी चाललेले 20,000 एकाएकी संशयास्पद ठरायचे. नावे कमी करा, असा आदेश मी कधी पाहिला नाही. त्याची गरजच नसते. हयातीचा दाखला आणा, उत्पन्नाचा नवा दाखला आणा, आधार जोडा. आता पैसे थेट खात्यावर जातात, टेबल गेले, कागद राहिले. ज्या म्हातारीला तहसीलपर्यंत आणणारे कोणी नाही, तिचे नाव पहिले गळते. म्हणजे जिच्यासाठी योजना काढली, तिचेच.

लाडकी बहीण योजनेतही 1500 च मिळतात, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. बहिणींशी माझे भांडण नाही. फक्त निराधाराला 21,000 आणि तिथे अडीच लाख, हे गणित कोणीतरी विधानसभेत उभे राहून समजावून सांगावे.

ती मर्यादा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ग्रामपंचायतीच्या फलकावर दर महिन्याला एवढे तरी लावा: या महिन्याचे पैसे आले की नाही, कोणाचे थांबले आणि कोणत्या कागदावाचून. ग्रामसेवकाला अर्ध्या तासाचे काम आहे.

— एक निवृत्त अव्वल कारकून, मराठवाडा