दत्तू, तुझा ढाला आवाज आठवला

ब्रायटन (इंग्लंड),
रविवार, रात्र

प्रिय दत्तू,

सप्रेम नमस्कार.

फोनवरही सांगता आलं असतं, पण फोन कानाला लावला की दोन मिनिटांत तुझं ‘बरं, ठेवतो’ सुरू होतं. म्हणून कागद घेऊन बसलोय. इथे येऊन दोन महिने झाले. नातवाला शाळेत सोडायचं, आणायचं आणि मधल्या वेळात पाऊस बघायचा. लेक-जावई मजेत आहेत.

गेल्या मंगळवारी शेजारचे गृहस्थ मला लुईस नावाच्या गावी घेऊन गेले. पबच्या मागची एक खोली, वीसेक माणसं, बहुतेक आपल्याच वयाची. मी संत्र्याचा रस घेऊन कोपरा धरला. पेटी नाही, तंबोरा नाही, टाळसुद्धा नाही. एका म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि नांगरटीचं गाणं सुरू केलं. पेटीवरच्या काळी एकच्या जरा खालीच असावं. त्याला सोयीचा सूर तीच पट्टी! धृपद आलं आणि सगळी खोली गायला लागली. माझ्या शेजारचा दाढीवाला मात्र भलतीकडेच, खाली खाली. मनात म्हटलं, हा पार बेसूर. पण ओळ संपताना तो बरोबर सगळ्यांच्या सुरावर येऊन उभा! पुढच्या ओळीला पुन्हा वाट सोडून खाली, शेवटी पुन्हा एकत्र. मग मला सुचलं, आपणही गाऊ. वरची चाल धरली, पण दाढीवाल्याने मला दोनदा खाली ओढलं, तिसऱ्यांदा मी कुठे होतो ते मलाच कळेना. पन्नास वर्षं भजन म्हणून ही अवस्था.

तिथे कळलं की हे गाणं रॉटिंगडीनच्या कॉपर घराण्यातलं. ते गाव इथून समुद्राच्या कडेकडेने बसने जवळच. दुसऱ्याच दिवशी गेलो. पांढरे खडूचे कडे, टेकडीवर काळी पवनचक्की आणि खाली चिमुकलं गाव. इंग्रज कवी किपलिंग याच गावात 1897 ते 1902 राहायचा. आपल्या मुंबईत, जे. जे.च्या आवारात जन्मलेला तोच. त्याच्या नावाची बाग आहे, लोक तिथे फोटो काढतात. मला मात्र ‘ब्लॅक हॉर्स’ नावाचा पब बघायचा होता. एकेकाळी तो थॉमस कॉपर चालवायचा. त्याचा भाऊ जेम्स, ज्याला सगळे ब्रासर म्हणत, शेतावर मुकादम होता. म्हणजे कवी मोठ्या घरात आणि ही गाणी चार पावलांवरच्या गुत्त्यात.

1898 मध्ये केट ली नावाची बाई गावात पाहुणी आली. स्वतः शिकलेली गायिका, जुनी गाणी टिपून घ्यायची. तिने या दोघांना बोलावलं, समोर व्हिस्कीची बाटली ठेवली आणि गायला सांगितलं. आपल्याकडे बुवांना चहा आणि खडीसाखर, तिथे बाटली. दोघे गायले, तिने उतरवून घेतलं. त्याच वर्षी लंडनमध्ये लोकगीतांची संस्था निघाली होती आणि या दोघांना तिचं मानद सभासद केलं. मुकादम आणि गुत्तेवाला, मानद सभासद! मला हे फार आवडलं.

पण खरी गंमत पुढे आहे. इंग्लंडात ही गाणी टिपणाऱ्यांना जागोजागी भेटले ते बहुतेक एकट्याने गाणारे. या घरात मात्र दोन आवाजांची रीत होती, एक वरची चाल आणि एक खालची. ती कुठून आली? चर्चमधल्या जुन्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडून आली असावी, असं जाणकार म्हणतात. घरात मात्र ती कोणी वेगळी शिकवली नाही. पोरगं बापाशेजारी किंवा काकाशेजारी बसायचं आणि ज्याच्या मांडीला मांडी, त्याचा सूर उचलायचं. ब्रासरचे मुलगे जिम आणि जॉन. जिमचा मुलगा बॉब, जॉनचा रॉन. बॉब वर, रॉन खाली. शेतं विकली गेली, तिथे घरं उठली, गाणं ऐकायला माणूस उरला नाही, तरी हे आपले घरात गात राहिले. 1936 मध्ये जिमने सगळी गाणी एका वहीत उतरवली. फक्त शब्द. चाल कुठे लिहिलेली नाही. बाड म्हणजे बाडच, तुझ्या आण्णांचं अभंगांचं आहे तसं.

मग 1950 मध्ये रेडिओवर यांच्याच घरातलं एक गाणं लागलं. बॉबने बीबीसीला पत्र टाकलं की हे आम्हीही गातो. माणसं आली, ऐकलं, आणि दोन वर्षांत हे चौघे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये उभे! जिम त्यानंतर दोनच वर्षांनी गेला. बरं झालं, बघून गेला.

साठच्या दशकात तरुण पोरं यांच्यामागे लागली. लंडनचं ‘यंग ट्रॅडिशन’ हे तिघांचं टोळकं तर यांचं ऐकूनच तयार झालं. त्यातला पीटर बेलामी पुढे किपलिंगच्या कवितांना चाली लावत बसला, म्हणजे गाव फिरून तिथेच आलं. हल शहरातले वॉटर्सन हे गाणारे वेगळे. नॉर्मा, माईक, लाल ही आजीने वाढवलेली पोरकी भावंडं आणि त्यांचा नात्यातला एक भाऊ. 1965 ची त्यांची तबकडी जावयाने लावून दिली. कानावर दगड घासल्यासारखे आवाज, एकही गोड नाही, आणि सोडवतही नाही. कॉपरांचं ऐकलं की ओसरीवर बसल्यासारखं वाटतं. यांचं ऐकलं की वादळात दार उघडल्यासारखं. मी आपला ओसरीवाला.

आता मूळ मुद्दा. रॉन 1979 मध्ये गेला. मी विचार करत बसलो, खालचा आवाज गेला तर गाण्याचं काय होतं? वहीत तर तो नाहीच. पण बॉबचा मुलगा, मुलगी आणि जावई, सगळे तोवर गाणारे झाले होते. जावईसुद्धा, बरं का! माझ्या जावयाला मी हे सांगितलं तर तो हेडफोन शोधायला गेला. बॉब 2004 मध्ये, राणीच्या राज्यातला किताब घेतल्यावर चारच दिवसांनी, एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. आता नातवंडं गातात.

आणि तू आठवलास. नववीत तुझा आवाज फुटला आणि ढाला झाला. काकड्याला आम्ही सगळे वर आणि तू आपोआप खाली जायचास. बुवा पखवाजावरचा हात थांबवून ओरडायचे, ‘वर ये, नाहीतर गप बस!’ तू वर यायचा प्रयत्न केलास, आवाज चिरला, पोरं हसली. मीही हसलो होतो. मग तू टाळ घेतलेस आणि तेव्हापासून तोंड उघडलं नाहीस. बुवांचंही चुकलं असं मी म्हणत नाही, आपल्याकडे सगळ्यांनी एकाच सुरावर यायचं असतं आणि त्यातही ताकद आहे. तू खाली नेमकं काय गात होतास, ते मला आठवत नाही. सूर सोडत होतास की त्या दाढीवाल्यासारखा ओळीच्या शेवटी परत येत होतास? कोणी ऐकलंच नाही.

तर एक काम कर. आण्णांचं बाड बासनातून काढ, वाळवी बघ. मग त्यातला कुठलाही एक अभंग फोनवर रेकॉर्ड करून पाठव. वर यायचं नाही. तुझा आवाज जिथे जाईल तिथे जाऊ दे. मी इथे वरची चाल धरून बघतो. माझं घसरणं तुला माहीत आहेच.

वहिनींना नमस्कार सांग. मोटारीच्या पाळीत रात्री एकटा मळ्यात जाऊ नकोस, पाऊस झालाय म्हणे.

तुझा,
बाळू

ता. क. नातू विचारतोय, दत्तूआजोबांचा आवाज कसा आहे. मी म्हटलं, ऐकशील.