फरसबी तेलावर येईपर्यंत

थेस्सालोनिकी, ग्रीस
रविवार

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. ‘यायाचा मुसाका कसा करायचा, पटकन सांग.’ बाळा, तुझ्या ग्रीक आजीचा मुसाका आणि पटकन? वांगी कापून मीठ लावून ठेवायची, तळायची, खिमा वेगळा शिजवायचा, बेशामेल, म्हणजे दूध-मैद्याचा पांढरा सॉस, घोटायचा, मग ओव्हन. एवढं करून बाहेर काढला की तासभर त्याला सुरी लावायची नाही, नाहीतर ताटात लगदा येतो. तुझ्या डेल्फ्टच्या खोलीत दोन शेगड्या आणि ओव्हनच्या नावाने ठणठणाट. तो नाद सोड. शिवाय वरचा तो बेशामेलचा थर काही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नाही. निकोलाओस त्सेलेमेंतेस नावाच्या आचाऱ्याने विसाव्या शतकात इथल्या स्वयंपाकाला फ्रेंच वळण लावलं, त्यातली ती देणगी. याया मुसाका करायची, पण पाहुणे येणार असले तर. रोज आपण काय खायचो, आठव बरं.

लादेरा. म्हणजे तेलात शिजवलेल्या भाज्या. सुरुवात तिथून कर, आणि त्यातही फासोलाक्यांपासून, म्हणजे फरसबीपासून.

अर्धा किलो फरसबी घे. तुर्की दुकानात चपट्या शेंगा मिळतात, त्या जास्त चांगल्या. शिरा काढ. एक मोठा कांदा बारीक चिर. दोन-तीन पिकलेले टोमॅटो अर्धे कापून किसणीवर किस. साल हातात राहतं ते टाकून दे. आता तेल. इथे तुझा हात आखडणार, मला माहीत आहे, कारण माझाही आखडायचा. अर्धा ग्लास ऑलिव्ह तेल, म्हणजे सव्वाशे मिली तरी. आपल्या पुण्याच्या आजीने पाहिलं असतं तर आठवड्याचं तेल एका भाजीत गेलं म्हणून कपाळाला हात लावला असता. कांदा त्यात मऊ होऊ दे, लाल करू नकोस. शेंगा घालून दोन मिनिटं परत, मग टोमॅटो, मीठ, मिरपूड, चिमूटभर साखर, मूठभर पार्सली. हवा तर एक बटाटा फोडी करून. पाणी जेमतेम, शेंगा अर्ध्या बुडतील इतकंच. झाकण ठेव आणि आच बारीक कर.

पाऊण तास तरी लागेल. आपल्याकडे फरसबी जरा करकरीत राहिली तरी चालते. इथे चालत नाही, शेंग जिभेने दाबली तरी मोडली पाहिजे. शेवटी झाकण काढून पाणी आटव. याया पातेलं तिरकं करून बघायची. खाली पाणचट रस जमला तर अजून वेळ आहे. नुसतं तेल आणि त्यात दाट झालेला टोमॅटो दिसला की गॅस बंद. सगळी गोम त्या शेवटच्या दहा मिनिटांत आहे. तुझे बाबा घाई करतात, म्हणून त्यांच्या फासोलाक्यांना ती चव येत नाही (हे त्यांना वाचून दाखवू नकोस).

आणि गरम खाऊ नकोस. तासभर ठेव, कोमट झाली की पावाबरोबर खा. उरली तर दुसऱ्या दिवशी आणखी छान लागते. सोबत फेटा. नुसतं ‘पांढरं चीज’ लिहिलेलं गाईच्या दुधाचं असेल तर तो फेटा नव्हे. खऱ्या फेट्यात निदान 70 टक्के मेंढीचं दूध लागतं, उरलेलं शेळीचं.

भेंडीही अशीच होते, फक्त आधीचा सोपस्कार वेगळा. देठाची टोपी पेन्सिलीला टोक काढतात तशी कोरून काढायची, भेंडी उघडी पडता कामा नये. मग व्हिनेगर शिंपडून उन्हात पसरायची. तुझ्याकडे ऊन कुठलं! खिडकीत ठेव.

या भाज्या मुळात उपवासाच्या. ईस्टरच्या आधीच्या लांबलचक उपवासात मांस, दूध, अंडी बंद, मग करणार काय? कडधान्यं मात्र चालतात, ऑक्टोपसही चालतो. पांढऱ्या घेवड्याचं आमटीसारखं फासोलादा उपवासाला कसं चालतं, हे पुण्याच्या आजीला शेवटपर्यंत पटलं नाही.

भाज्या जमल्या की युवारलाक्या कर. खिम्यात मूठभर तांदूळ, किसलेला कांदा, पार्सली, शेपू, एक अंडं. लिंबाएवढे गोळे वळून उकळत्या पाण्यात सोडायचे. तांदूळ शिजला की आव्गोलेमोनो. पातेलं आचेवरून उतरव आणि पाच मिनिटं थांब. दोन अंडी फेस येईपर्यंत फेट, एका लिंबाचा रस घाल. मग पातेल्यातला रस पळी-पळीने त्यात ओत, फेटणं न थांबवता. तीन-चार पळ्या गेल्या की सगळं पातेल्यात परत ओत, कान धरून पातेलं हलव, चमचा घालू नकोस. पुन्हा उकळी आणलीस तर अंडं फुटलंच म्हणून समज. उरलेलं गरम करतानाही तेच.

यायाच्या वहीचे फोटो वेगळे पाठवते. त्यात काही पानं तिच्या आईच्या हातची आहेत, तिथे ओका आणि द्रामी आहेत. ग्रीसमध्ये ही मापं 1959 पर्यंत चालू होती. एक ओका म्हणजे 400 द्रामी, साधारण 1280 ग्रॅम. 100 द्रामी खिमा लिहिलं असेल तर 320 ग्रॅम धर. पिठापुढे बहुतेक ठिकाणी काहीच आकडा नाही, मावेल तितकं.

त्यातलं सुत्झुकाक्यांचं पान नीट बघ. यायाची आई 1922 साली स्मिर्नाहून (आताचं तुर्कस्तानातलं इझमिर) निर्वासित होऊन इथे आली, तो पदार्थ तिच्याबरोबर आला. लांबट कोफ्ते, लसूण, वाईनमध्ये भिजवलेला शिळा पाव, आणि जिरं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ओरेगानो, दालचिनी, ऑलस्पाइस, सगळं ओळख करून घेण्यातलं होतं. एका दुपारी यायाने खलबत्त्यात जिरं कुटलं आणि मी स्वयंपाकघरात धावत गेले. तिला वाटलं काहीतरी जळलं. भाषा येत नव्हती, म्हणून मी माझा मिसळणाचा डबा आणून तिच्यापुढे उघडला. तिने जिऱ्याच्या वाटीत बोट घातलं, चाखलं आणि म्हणाली, ‘ओळखीचं आहे. मोहरी मात्र लांब ठेव.’ तुलाही तेच सांगते. फासोलाक्यांना फोडणी देऊ नकोस. तुला मोह होणार.

बाबांचा मित्र पुढच्या महिन्यात गाडीने रॉटरडॅमला जातोय. त्याच्याबरोबर 5 लिटरचा तेलाचा डबा पाठवते, शिवाय इथल्या उत्तरेकडच्या प्रेस्पाचा मोठा घेवडा. डबा शेगडीजवळ ठेवू नकोस, अंधारात ठेव. घेवडा रात्रभर भिजत घालायचा, पहिल्या उकळीचं पाणी फेकून द्यायचं. बाकी फोनवर. रविवारी अकराला कर, तेव्हा मी ओट्याशीच असते.

तुझी,
आई