ग्राफिक्स संचातील सदोष हेडर फाइलबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

नाशिकला गंगापूर रोडवर माझा कॉम्प्युटरचा छोटा क्लास आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी गेल्या महिन्यात तुमचा कंपायलर (प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर) आणि ग्राफिक्स लायब्ररी (चित्रं काढणारी तयार फंक्शन्स) यांचा पेनड्राइव्ह संच घेतला. पाकिटावर छापलंय, ‘टाका आणि चालवा’. टाकला. चालला नाही.

प्रोग्राममध्ये नुसती ग्राफिक्स डॉट एच, म्हणजे त्या फंक्शनची यादी असलेली हेडर फाइल, घेतली तरी ‘रीडेफिनिशन ऑफ इंट राइट’ अशी एरर येते, ओळ ३०२. फाइल उघडून पाहिली तर प्रिंटइमेज फंक्शनच्या कंसात ‘राइट’ हे नाव लागोपाठ दोनदा. पहिल्या जागी ‘टॉप’ हवं. एका फंक्शनला एकाच नावाचे दोन पॅरामीटर चालत नाहीत, हे आम्ही मुलांना सुरुवातीलाच शिकवतो. ही चूक इंटरनेटवर जुनी आणि सर्वांना ठाऊक. तीच फाइल तुम्ही पैसे घेऊन विकता.

ते दुरुस्त केलं, तर प्रोग्रामला लायब्ररी जोडणारा लिंकर अडला. तुमचा कंपायलर ६४ बिटचा, लायब्ररी ३२ बिटची. लिंकर ती ‘इनकम्पॅटिबल’ म्हणून बाजूला सारतो आणि मग लायब्ररीच सापडत नाही म्हणतो. तीन मशीनवर मात्र एरर वेगळीच: ग्राफिक्स डॉट एच नावाची फाइलच नाही. तिथे पाथमध्ये, म्हणजे मशीन सॉफ्टवेअर शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, आमचा जुना कंपायलर आधी लागत होता. तो दोष आमचा, तुमच्या माथी मारत नाही. गंमत म्हणजे तो जुना ३२ बिटचा निघाला, आणि दुरुस्त केलेली हेडर व तुमची लायब्ररी त्याच्या फोल्डरमध्ये टाकल्यावर अखेर त्याच्यावरच चालली. म्हणजे तुमच्या संचातला कंपायलर सोडून बाकी सगळं कामाला आलं.

पडद्यावर ठिपक्यांनी रेषा काढायची जी रीत ब्रेझनहॅमने १९६२ साली बसवली, तिची रेषा आमच्याकडे उमटायला दोन रविवार गेले. सिन्नर, ओझरहून एसटीने आलेली मुलं वहीत चौकटी आखून परतली. तुमच्या हेल्पलाइनवर आधी ‘अँटिव्हायरस बंद करा’, मग ‘विंडोज नव्याने टाका’. मी ओळ ३०२ म्हणालो, तर पलीकडून, “सर, रॅम किती आहे?”

दुरुस्त हेडर आणि कंपायलरला जुळणारी लायब्ररी असलेला संच पंधरा दिवसांत पाठवा, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. तसं न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. बिलाची प्रत आणि एररचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक, नाशिक