आई-बाबा, नेरूळचे घर ठरवले आहे

नेरूळ, नवी मुंबई
१ मार्च

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गुरुवारी फोनवर मी घराचे सांगितले तेव्हा बाबा नुसते "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आईने "जेवलीस का?" एवढेच विचारले. त्या "बरं"चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून जे फोनवर बोलवत नाही ते लिहून पाठवत आहे. बाबांनी हे पत्र मोठ्याने वाचावे आणि आईने मध्येच उठून गॅसकडे जाऊ नये, एवढी विनंती आहे.

जे झाले आहे ते आधी स्पष्ट सांगते. आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे घर मी तुमच्यासाठी भाड्याने घेतले आहे. करार नोंदवून झाला आहे आणि अनामत रक्कमही दिली आहे. तुम्हाला न विचारता मी हे केले, याचे मला वाईट वाटते. पण विचारले असते तर बाबांनी गावचे नाव काढले असते, आईने "नौपाड्यातच कुठेतरी बघू" म्हटले असते, दादाने घोडबंदरचे टॉवर दाखवायला नेले असते आणि बोलता बोलता एप्रिल उलटला असता. ठाण्यातली आपली नौपाड्याची इमारत पाडून नवी बांधायची म्हणून सोसायटीने जागा रिकामी करायला एप्रिलअखेरची मुदत दिली आहे. ऐन पावसाच्या तोंडावर तुमचे सामान कुणाच्या तरी पडवीत पडलेले मला बघवले नसते.

नौपाड्यासारखी राहण्याची जागा मी आजवर पाहिलेली नाही, हे मी मनापासून मान्य करते. गोखले रोडवर पाच मिनिटांत भाजी, औषध, शिंपी आणि चांगले लोणी मिळते, घंटाळीची आरती घरात ऐकू येते, आणि तलावपाळीला जाऊन यायचे ठरवले तर वाटेत निदान चार जण थांबवून प्रकृती विचारतात. देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी १८५३ साली आपल्या ठाण्याला आली, हे बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि ते सांगताना त्यांचा चेहरा कसा फुलतो तेही मी पाहिले आहे. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे आहे. रविवारी बाबांचे बोट धरून मी तिथे जायचे, तुम्ही कपाटांपुढे उभे राहायचात आणि मी त्या जुन्या पुस्तकांचा वास घेत बाकावर पाय हलवत बसायचे. मला वाचनाची गोडी तिथेच लागली. अशा गावाला मी नावे कशी ठेवीन?

पण बाबा, हे सगळे ठाणे आता तुमच्यापासून तीन जिने खाली गेले आहे. त्या चोपन्न पायऱ्या मी मोजल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावर तुम्ही कठड्यावर पिशवी टेकवता आणि मी मागे असले की चष्मा काढून पुसू लागता. तुम्हाला दम लागतो, हे मला दिवाळीपासून कळते आहे. गुडघ्यांमुळे आई दसऱ्यापासून तलावपाळीला गेलेली नाही आणि गडकरी रंगायतनचे नाटक तर कधीचे राहिले. नौपाड्यात दुसरी भाड्याची जागा मी पाहिली नाही असे समजू नका. महिनाभर पाहिल्या. परवडतील त्या सगळ्या आपल्यासारख्याच जुन्या, बिनलिफ्टच्या होत्या, आणि जी एक तळमजल्याची मिळत होती ती वंदना टॉकीजच्या बाजूला, जिथे दर पावसाळ्यात पाणी तुंबते. लिफ्टच्या नव्या इमारतींत भाडे इतके होते की नवी इमारत होईपर्यंत बिल्डर भाड्यापोटी देणार आहे ती रक्कम अर्ध्यालाही पुरली नसती.

आता गावाविषयी. बाबा, तुमच्या मनात गुहागरच आहे, हे मला न सांगता समजते. ऑक्टोबर ते मेपर्यंत आपल्या वाडीसारखी हवा कुठे नाही, अंगणातल्या सोनचाफ्याखाली तुमचा रक्तदाबसुद्धा उतरतो, हे मी पाहिले आहे. पण चार महिने पावसाचे असतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा तुम्ही दोघे वाडीतच होतात, चार दिवस फोन लागला नाही, आणि तुमच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्या असतील याचा हिशेब मी इथे भिंतीवरच्या कॅलेंडरवर करत होते. चिपळूण गुहागरहून सुमारे ४५ किलोमीटर आहे. रात्री छातीत दुखले तर तेवढे अंतर फार मोठे असते. अण्णाकाकांच्या त्या रात्रीबद्दल मी अधिक लिहीत नाही. त्या रात्री गाडीत तुम्ही होतात, मी नव्हते. तरुण माणसाला कोकणासारखे सुख नाही आणि सत्तरी ओलांडलेल्या, हृदयात स्टेंट असलेल्या माणसाला पावसाळ्यात कोकणासारखी दुसरी गैरसोय नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ते तुम्हाला लागेल हे ठाऊक असूनही लिहिते आहे.

गाव मात्र मी तोडत नाही. उलट नेरूळहून गाव नौपाड्यापेक्षा जवळ पडते. हार्बरच्या गाडीने पनवेल गाठले की कोकण रेल्वेच्या गाड्या तिथे थांबतात. बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे असल्याने एसटीत त्यांना तिकीट नाही आणि आईला अर्धे. नवरात्र संपले की मी तुम्हाला स्वतः पोहोचवीन, होळीपर्यंत खुशाल राहा.

दादावर रागावू नका. त्याच्या मनात चांगलेच होते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बाग, पोहण्याचा तलाव, बसायला बाक, सगळे काही आहे, पण म्हाताऱ्या माणसांना राहायला ठाण्यातला तो सर्वांत वाईट भाग आहे असे मला वाटते. गायमुखच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की सारा रस्ता थांबतो, मेट्रोच्या कामाने रस्त्याची जी दशा केली ती तुम्ही पाहिलीच आहे, आणि वहिनीच्या संकुलात उन्हाळ्यात टँकर येतो. स्टेशन गाठायचे तर तासाची तयारी ठेवावी लागते. रुग्णवाहिका त्या गर्दीत उभी आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मेट्रो धावू लागल्यावर सुधारणा होईलही. आपल्याला या पावसाळ्याची सोय हवी आहे.

मावशीने पुण्याचे सुचवले, तिथली कोरडी हवा सांध्यांना बरीही असेल, पण तिथे दादाही नाही आणि मीही नाही. खारघरही मी पाहून आले. रस्ते रुंद आहेत, पावसाळ्यात पांडवकडा सुरेख दिसतो, परंतु उन्हाळ्यात डोंगर तापतो, पाण्याची ओरड असते आणि बरीचशी सेक्टर स्टेशनपासून लांब आहेत. कोपरखैरणे दाट वस्तीचे आहे, आणि थंडीच्या रात्री एमआयडीसीकडून उग्र वास येतो, तो आईच्या दम्याला सोसणार नाही. वाशीत नाट्यगृह, बाजार, सगळे हाताशी आहे, पण सुरुवातीच्या सेक्टरांतल्या जुन्या इमारतींचे गिलावे सुटू लागले आहेत. एका पडक्या इमारतीतून दुसरीत कशाला जायचे? ऐरोली ठाण्याला सर्वांत जवळ, आणि आईने तीच सुचवली होती. ती मला पटलीही होती. पण ऐरोलीहून माझ्या घरी यायला रिक्षा लागते.

खरे तर सगळे इथेच येऊन थांबते. २६ जुलै २००५ च्या पावसात मी घाटकोपरला कॉलेजमध्ये अडकले होते. गाड्या बंद, फोन बंद. रात्री उशिरा बाबा रुळांवरून चालत ठाण्याहून आले, एक शब्दही बोलले नाहीत, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेला कोरडा टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला. तो टॉवेल आईचा होता, निळ्या काठाचा, आणि त्याला घरच्या कपाटातल्या कापराचा वास होता. सकाळी आपण दोघे चालतच घरी आलो. बाबा तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. माझ्यात तुमच्याइतके बळ नाही. म्हणून गाड्या बंद पडल्या, रिक्षा मिळाली नाही, तरी मला पायी तुमच्यापर्यंत पोहोचता यावे, इतक्याच अंतरावर मी घर शोधत होते. माझ्या दारापासून तुमच्या दारापर्यंत आठ मिनिटे लागतात. भर दुपारीही चालून पाहिले आणि रात्री साडेअकरालाही.

आता आईसाठी घराचे नीट सांगते. नौपाड्याचा ओटा उंच म्हणून तू इतकी वर्षे पायाखाली पाट घेत आलीस. इथला ओटा मी टेपने मोजला, तो दोन इंच खाली आहे, त्यामुळे पाट लागणार नाही आणि तो तू आणूही नयेस. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, तिथे सकाळी ऊन येते, तुळस आणि अबोली दोन्ही जगतील. देवघरासाठी कोनाडा आहे. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला आधाराच्या दांड्या बसवून घेतल्या आहेत, लादी खरबरीत आहे. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे, पाण्याला जोर चांगला असतो, तेव्हा पहाटे पाचला उठून पिंप भरण्याची तुझी धावपळ संपेल. तू तरीही दोन कळशा भरून ठेवशील हे मला ठाऊक आहे, त्या ठेव. रस्ता ओलांडला की बाग आहे, तिथे संध्याकाळी बायका भजन करतात. थंडीपासून मेपर्यंत पाणथळीवर रोहित पक्षी येतात, आमची छोटी तुला दाखवायला नेईन म्हणून आत्तापासून नाचते आहे. नाटकाला वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात मी घेऊन जाईन. डी. वाय. पाटील रुग्णालय रिक्षाने दहा मिनिटांवर आहे आणि बाबांची सगळी कागदपत्रे मी तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून ठेवली आहेत.

उणे काय आहे तेही लपवत नाही. इथे खाली उतरल्यावर "काका, आज उशीर?" असे विचारणारा वाणी नाही. मजल्यावर एक तमिळ आणि एक मल्याळी कुटुंब आहे, माणसे फार अगत्याची आहेत, पण गप्पा रंगायला वेळ लागेल. एमआयडीसीचा वास इथे कमी येतो, अजिबात येत नाही असे म्हणणार नाही. पहिले दोन महिने तुम्हाला करमणार नाही. तसे झाले तर मनात ठेवू नका, मला सांगा. नेरूळहून ठाण्याला थेट गाडी आहे, पाऊण तासाच्या आत तुम्ही नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उतराल. बाबांची ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी मी पुढच्या वर्षाची भरून टाकली आहे. आणि नवी इमारत उभी राहिली की लिफ्टने वर जाऊन आपल्याच दाराचे कुलूप तुम्ही उघडायचे आहे. आपले घर कुठेही जात नाही.

गुढी या वर्षी नौपाड्यातच उभारू, स्वागतयात्रा गॅलरीतून बघू, आणि अक्षय्य तृतीयेला नेरूळला कलश ठेवू. तोपर्यंत काही गोष्टी मी सांगते तशाच करायच्या आहेत. बाबांनी माळ्यावर चढायचे नाही आणि निळी ट्रंक कुणी उचलायची नाही, ती मी आणि दादा उतरवू. पितळेची भांडी विकायची नाहीत, सगळ्यांना जागा आहे. सोसायटीच्या कोणत्याही कागदावर मला दाखवल्याशिवाय सही करू नका. रात्रीची गोळी जेवणानंतर घ्यायची आहे, आधी नाही, आणि "आज बरं वाटतंय" म्हणून ती चुकवायची नाही. आईने गुडघ्याचा पट्टा पाहुणे आले म्हणून काढून ठेवू नये. आजीची आरामखुर्ची मी सुताराकडून नवे वेत बसवून घेणार आहे, तिचे काय करायचे म्हणून भांडू नका.

माझे लिहिणे कुठे कडक झाले असेल तर क्षमा करा. रविवारी सकाळच्या साडेनऊच्या गाडीने येते आणि घराची किल्ली बरोबर आणते. आई, पोहे करून ठेवू नकोस. मी आल्यावर करीन, तू ओट्याजवळ खुर्चीवर बसून मीठ बरोबर पडले का तेवढे सांग.

तुमची,
मनू